गुरुवारची साय

हुझुम, ३ ऑक्टोबर

तेल्झे,

तुझ्या बापाने फोनवर आनंदाची बातमी दिली. तू पीएच.डी. करणार म्हणे. सव्विसावं संपलं, दोन पदव्या झाल्या, तरी बाईंना पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून आता तीन-चार वर्षं समुद्रातले वायू मोजत बसणार. मी त्याला म्हटलं, तिचं कसलं अभिनंदन करतोस, तिच्या घरमालकाचं कर. तो हसला. तो सगळ्यालाच हसतो, त्याचीच ही फळं आहेत.

मी उभा जन्म न्यायाधीशाच्या खुर्चीत काढला. माझ्यासमोर मासेमार खोटं बोलले, गुरांचे व्यापारी खोटं बोलले आणि डॉक्टरेट मिळवलेलेही बोलले. बाकीचे खोटं बोलताना घाम पुसायचे. डॉक्टरसाहेब तक्ता काढून दाखवायचे. तेव्हापासून नावाआधी डॉक्टर लावणाऱ्याचं मी सगळं ऐकून घेते आणि काही खरं मानत नाही.

समजा, मोजलास तो वायू. समुद्राने वाजवीपेक्षा जास्त सोडला असं निघालं. मग पुढे काय, त्याला समन्स बजावणार? इथे आमच्या बांधावर मेंढ्या चरतात, त्याही काही कमी वायू सोडत नाहीत. पण त्यांच्यामागे यंत्र घेऊन फिरायला सरकार कुणाला पगार देत नाही.

उत्तर कागदावर लिही आणि खाली सही कर. पडद्यावरचं मी वाचत नाही. सोबत लोकरी मोजे पाठवतेय. मला तुझं पटलंय असा त्याचा अर्थ काढू नकोस.

गेशे आत्या


कील, ११ ऑक्टोबर

गेशे आत्या,

मोजे मिळाले. उबदार आहेत. पत्राबद्दल तसं म्हणता येणार नाही.

बाबांच्या सगळ्या चुलत बहिणींत तूच काय ती शिकलेली, म्हणून एकदाच नीट सांगते. मी मोजते तो नायट्रस ऑक्साइड. दाताचे डॉक्टर हुंगायला देतात तोच, हास्यवायू. वजनाला वजन लावलं तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळजवळ तीनशेपट जास्त पृथ्वी तापवतो, तेव्हा हसण्यासारखं त्यात फार काही नाही. समुद्रात खोल पाण्यात जिथे प्राणवायू कमी पडतो, तिथले जंतू तो तयार करतात. किती आणि नेमका कुठे, हे अजून कुणाला धड माहीत नाही. मेंढ्यांचं खातं वेगळं आहे, त्यांचा विचार करणारे लोक वेगळ्या इमारतीत बसतात.

आमच्या इमारतीत सगळे एकाच रंगाचं जॅकिट घालून फिरतात आणि पृथ्वी वाचवण्याआधी कप कुणी धुवायचे यावर भांडतात. माझे मार्गदर्शक प्राध्यापक लूडर्स. हे गृहस्थ बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत, खिडकीतून समुद्राकडे बघतात. समुद्रही आपल्याकडेच बघतोय अशी त्यांची समजूत आहे. प्रत्यक्षात त्यांना बोट लागते, त्यामुळे कित्येक वर्षांत ते जहाजावर चढलेले नाहीत. पण नाव मोठं आहे. गोटलंड बेटाच्या पूर्वेला समुद्राचा एक पट्टा आहे, तिथे जहाज गेलं की दरवेळी हा वायू एकदम चढतो. तो ह्यांनी शोधला. नकाशावर त्याला लूडर्स पट्टा म्हणतात. तिथे वायू का चढतो हे दाखवायचं, हा माझा प्रबंध. डिसेंबरात समितीपुढे विषय मांडायचा. त्यांनी मान डोलावली की माझी नेमणूक पक्की. नाही डोलावली तर मी आहे आणि तुझ्या मेंढ्या आहेत.

माझ्याआधी या विषयावर मोमे पेटरसन म्हणून एकजण होता, तुमच्या हुझुमचाच. दोन वर्षं फुकट घालवून गेल्या वर्षी पळाला. का, तर महाशयांना बाटलीचं बूच लावता येत नव्हतं. त्याचं असं आहे, यंत्र जहाजावर जागच्या जागी मोजतं. शिवाय आम्ही समुद्राचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरतो, आतले जंतू मरावेत म्हणून थेंबभर विष घालतो, बूच आवळतो आणि किनाऱ्यावर आणून पुन्हा मोजतो. यंत्र दरवेळी पट्टा दाखवायचं, ह्याच्या बाटल्या एकदाही नाही. वायू गळून गेला, दुसरं काय होणार. आता आमच्याकडे कुणाचंही बूच सैल निघालं की 'मोमे झालं' म्हणतात. मीसुद्धा म्हणते.

६ नोव्हेंबरला माझी पहिली सफर. माझी बुचं बघशील तू.

तेल्झे


हुझुम, २० ऑक्टोबर

तेल्झे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरं आहे.

हे मोमे पेटरसनचं काय काढलंस? त्याची आई मंगळवारी चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभी असते. तिचा आवाज चांगला आहे, फक्त मुलाचा विषय निघाला की ती एकदम हळू बोलायला लागते. तो हाइडे गावात नळपाणी खात्यात आहे, एवढंच सांगते आणि वहीची पानं उलटायला लागते. मला वाटायचं, पोराने काही चोरीबिरी केली असेल. आता कळलं, बूच सैल लावलं.

तू त्याचं बूच पाहिलंस का? नाही. तो पळाला हे कुणी सांगितलं? ज्यांच्यापासून पळाला त्यांनी. माझ्या कोर्टात असली साक्ष घेऊन आली असतीस तर जेवायच्या सुट्टीआधी घरी पाठवली असती. आणि वर 'मीसुद्धा म्हणते' हे लिहायला तुला लाज कशी वाटली नाही? तीन आठवडे झाले नाहीत तुला तिथे जाऊन, आणि तिथली कुचेष्टा मात्र पहिल्या दिवशी तोंडपाठ.

सफरीला गरम कपडे ने. ओकाऱ्या झाल्या तर मला लिहू नकोस, तुझ्या बापाला लिही. त्याला त्याचंही हसू येईल.

गेशे आत्या


'हेडविग' जहाज, शनिवार, ११ नोव्हेंबर

आत्या,

ओकाऱ्या झाल्या नाहीत. त्या परवडल्या असत्या.

हे जहाज दरवेळी सोमवारी सकाळी निघतं आणि शनिवारी संध्याकाळी कीलला परत येतं. कप्तानाचा जन्मात कधी उशीर झालेला नाही आणि तो ते रोज सांगतो. या खेपेला वादळ आलं, बंदरातून सोडेनात, निघता निघता बुधवार उजाडला. तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नाही, जसं काही वादळ त्यानेच मागवलं होतं.

परवा गुरुवारी मात्र सगळे खुशीत. गुरुवार म्हणजे खलाशांचा रविवार, हे तुला सांगायला नको, तुझे आजोबाही पाळायचे. तीनच्या कॉफीला आलुबुखाऱ्याचा केक, वर फेटलेल्या सायीचा हा एवढा ढीग. मी बशी घेऊन प्रयोगशाळेत परतले, तर यंत्राची रेघ सरळ वर चढलेली. अशी चढलेली की पडद्याबाहेर जाईल. आणि आम्ही होतो कुठे, तर बोर्नहोम बेटाच्याही अलीकडे. तिथे काय आहे, ढेकळं. उथळ पाणी, भरपूर प्राणवायू, वायू चढायचं काही कारणच नाही.

आज गोटलंडच्या पूर्वेला पोचलो. लूडर्स पट्ट्यावर. मी सकाळपासून केस विंचरून यंत्रासमोर बसलेली. रेघ आडवी. पट्टा संपला तरी आडवीच. मी नळ्या उपसल्या, झडपा पुसल्या, खोक्याला दोन चापट्या मारल्या. शेवटी बाटल्या भरून घेतल्या आणि बुचं आवळली, बोटं सोलवटली इतकी.

पहिल्याच सफरीत मी यंत्र मोडलं, आत्या. डिसेंबरात समितीपुढे काय दाखवू? पुढच्या वर्षी एखाद्याच्या हातून यंत्र बिघडलं की 'तेल्झे झालं' म्हणतील. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तूही बाबांना सांगू नकोस.

तेल्झे


हुझुम, २१ नोव्हेंबर

तेल्झे,

पत्र शनिवारी लिहिलंस, जहाज त्यानंतर दोन दिवसांत बंदराला लागलं असणार, आणि पाकिटावर टपालाचा शिक्का सोळा तारखेचा. म्हणजे पत्र तुझ्या कोटाच्या खिशात तीन दिवस पडून होतं. ज्या पोरीचं यंत्र मोडलंय ती पत्र लगेच टाकते, कारण तिला दया हवी असते. जी ठेवून घेते तिला मधल्या काळात दुसरं काहीतरी सापडलेलं असतं आणि ते पत्रात घालावं की नाही हे तिचं ठरत नसतं. तू घातलं नाहीस.

मला वाटतं मुलगा आहे. जहाजावरचा असेल, दाढीवाला, समुद्रावर कविता करणारा. असला तर असू दे. पण त्याच्यासाठी यंत्राकडे दुर्लक्ष केलं असशील तर तसं सरळ लूडर्सना सांग आणि मोकळी हो. यंत्र मोडणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे. एवढं तर तुला शाळेत शिकवलं असेल, की तेव्हाही समुद्राकडेच बघत होतीस?

गेशे आत्या


कील, २७ नोव्हेंबर

आत्या,

मुलगा नाही. साय आहे.

शनिवारी तुला पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी रविवार. ते जहाज रविवारी कधी समुद्रावर नसतंच, शनिवारीच घरी येतं, पण या खेपेला आम्ही उशिरा निघालो होतो. रविवार म्हणून पुन्हा केक, पुन्हा साय. आणि तीन वाजून गेले तशी यंत्राची रेघ पुन्हा उठली, भलतीकडेच, गोटलंडपासून कितीतरी दूर. मी बशीकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, आणि पुन्हा बशीकडे.

साय कशाने फुगवतात माहीत आहे ना? स्वयंपाकी दाबाच्या बाटलीत साय भरतो, त्यात छोटी पोलादी कुपी पिरगाळतो, फुस्स करून वायू आत जातो आणि साय फुगून बाहेर येते. त्या कुपीत तोच असतो, नायट्रस ऑक्साइड. प्रयोगशाळा आणि जेवणघर यांच्यामध्ये एक भिंत आणि हवा फिरवणारी एकच नळी. आमच्या यंत्रात समुद्राचं पाणी एका बरणीतून फिरतं, तिच्यातला दाब सारखा राहावा म्हणून तिला श्वास घ्यायला एक भोक आहे, ते उघडतं प्रयोगशाळेतच. तीस माणसांना ढीगभर साय वाढली की यंत्राला वास लागतो. मी जाऊन स्वयंपाक्याला म्हटलं, अजून एक बशी दे. त्याने फुस्स केलं, मी धावत परत आले, रेघ वर. चार बश्या खाल्ल्या. चारही वेळा वर.

आता जोडून बघ. जहाज सोमवारी सकाळी ठरल्या वेळी निघतं. गुरुवारी दुपारी तीनला ते दरवेळी, दरवर्षी, गोटलंडच्या पूर्वेलाच असतं. तिथे काही नाही, आत्या. तिथे लोक केक खातात. पदकं, परिषदा, खुर्ची, नकाशावरचं नाव, सगळं आलुबुखाऱ्याच्या केकवर उभं आहे, आणि त्या माणसाला केकसुद्धा मिळालेला नाही, कारण त्याला बोट लागते. या देशात जहाजं वेळेवर सुटली नसती तर हा शोध लागलाच नसता.

माझ्या बाटल्या परवा मोजून आल्या. पट्ट्यावर काहीही नाही, जसं मोमे पेटरसनच्या बाटल्यांत कधीच काही नव्हतं.

मी कुणाला सांगितलेलं नाही. का ते सांगते, ओरडू नकोस. सांगितलं तर माझा विषयच उरत नाही. पट्टा नाही तर तो का फुगतो याचा प्रबंध कसला? चौदा डिसेंबरला समितीपुढे उभं राहून मी माझ्याच हाताने माझी खुर्ची काढून घ्यायची का? दुसरा एक रस्ता आहे. मी यापुढे गुरुवारी दुपारी यंत्र थोडा वेळ बंद ठेवायचं, सफाईसाठी म्हणून. पट्टा आपोआप दिसेनासा होईल. मग मी लिहायचं की समुद्र तापल्यामुळे लूडर्स पट्टा विरत चाललाय. लूडर्स आनंदाने रडतील. नाहीशा होणाऱ्या गोष्टीला जास्त मान असतो. मला डॉक्टरेट मिळेल, त्यांना आणखी एक पदक. खोटं असं मी कुठेच बोललेली नसेन.

तू न्यायाधीश होतीस, म्हणून विचारते. न विचारलेलं सांगणं कायद्याने बंधनकारक आहे का?

तेल्झे


हुझुम, १ डिसेंबर

तेल्झे,

नाही. कायद्याने बंधनकारक नाही. तुझ्यासारख्यांसाठीच कायदा असा ठेवलाय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की डॉक्टर लोक तक्ता दाखवून खोटं बोलतात. मला वाटलं होतं ते शिकायला तुला निदान तीन वर्षं लागतील. तू दोन महिन्यांत शिकलीस, हुशार आहेस. आणि तुझं ते 'खोटं कुठेच बोललेली नसेन', हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं मला पाठ आहे. ते म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात 'मी एकटाच नव्हतो' म्हणतो.

लूडर्स गाढव आहेत, ठीक. गाढवपणाला शिक्षा नाही. आपल्या यंत्राला केक खायची सवय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. आता तो पट्टा त्यांचा राहिला नाही, तुझा झालाय. तूच विरवणार, तूच फुगवणार.

आणि ज्याची तुम्ही तिथे रोज टिंगल करता त्याचं काय? मंगळवारी गायनात त्याची आई माझ्या शेजारी होती. मी सगळा वेळ वहीत डोकं घालून उभी, पान चुकले, पुढे भलतंच गायले. ह्या वयात मला त्या बाईच्या तोंडाकडे बघता आलं नाही, ते तुझ्यामुळे. मी तिला काही सांगितलं नाही. ते माझं काम नाही. पण ज्या मुलाने दोन वर्षं खरं मोजलं त्याच्यावर तुम्ही खापर फोडलंत, आणि आता तू एकटी जाणतेस की तो खरा होता. अशा वेळी मूग गिळून बसणाऱ्या माणसाला मी काय म्हणते ते कागदावर लिहीत नाही, टपालवाला ओळखीचा आहे.

मला पुन्हा सल्ला विचारू नकोस. चौदा तारखेनंतर पत्र लिही. काय केलंस तेवढंच लिही, का केलंस ते नको.

गेशे आत्या


कील, १५ डिसेंबर

आत्या,

काय केलं ते लिहिते.

समितीपुढे यंत्र लावलं. शेजारी केक ठेवला, दाबाची बाटली ठेवली. लूडर्सना वाटलं सणाच्या दिवसांचा केक आहे, खूश झाले. मी म्हटलं, पट्ट्याविषयी बोलायच्या आधी साय घेऊ. फुस्स केलं. रेघ चढली. कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळे केककडे बघत होते. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा समितीतल्या एका बाईंनी चमचा खाली ठेवला. मग मी जहाजाचं वेळापत्रक सांगितलं, गुरुवार सांगितला, माझ्या बाटल्या सांगितल्या, मोमेच्या सांगितल्या. 

लूडर्स खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "रोचक आहे." आणि उरलेला केक संपवला. तेवढ्यापुरती मला त्यांची कीवसुद्धा आली.

आज सकाळी कीव गेली. त्यांनी बोलावून घेतलं. ते स्वतःच दुरुस्तीचा लेख लिहिणार आहेत, 'संशोधन जहाजांवरील हवेतील आगंतुक वायू' असं काहीतरी. म्हणजे चूकही त्यांचीच, शोधही त्यांचाच. माझी सही लागणार आहे, कारण यंत्रावर मी होते. सही केली की मला नवा विषय मिळेल आणि समिती जानेवारीत नेमणूक पक्की करेल. मी म्हटलं, एक वाक्य घाला, मोमे पेटरसन यांची मोजणी अचूक होती. ते म्हणाले, "त्याची काय गरज? त्यांनी तशी मागणी केली आहे का?" मी म्हटलं, त्यांना अजून माहीतच नाही. ते म्हणाले, "मग कशाला उकरून काढता? वाक्य येणार नाही. आणि सही नसेल तर नेमणुकीचं मला काही सांगता येणार नाही."

आजच मोमेला सगळं पत्रात कळवलंय. त्याचा हाइडेचा पत्ता बाबांकडून मिळवला. त्याने हो म्हणून कळवलं की लगेच लूडर्सच्या तोंडावर ते पत्र ठेवते आणि वाक्य घेतेच. नेमणूक गेली तर गेली, त्याच्यासाठी गेली असं तरी म्हणता येईल.

तेल्झे


हाइडे, २२ डिसेंबर

तेल्झे ब्रोडरसन यांस,

आपली ओळख नाही, म्हणून 'तुम्ही' म्हणतो.

माझ्या बाटल्या बरोबर होत्या हे कळवल्याबद्दल आभारी आहे. मला ते माहीत होतं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक बूच दोनदा आवळायचो, दुसऱ्या वर्षी तीनदा, पुढे पुढे झोपेतही आवळायचो. हात माझे होते, मला नाही कळणार तर कुणाला? साय मात्र लक्षात आली नाही, हे कबूल. गुरुवारी मी दोन तुकडे घ्यायचो.

तुम्ही लिहिता, १२ नोव्हेंबरला तुमच्या लक्षात आलं. पत्रावर तारीख १५ डिसेंबर. मधल्या काळात तुम्ही काय करत होता हे विचारत नाही. मीही त्या इमारतीत होतो, तिथे लोक काय करतात ते ठाऊक आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तुला परत घेतील ना रे?" मी म्हटलं, घेणार नाहीत, आणि घेतलं तरी मी जाणार नाही. मग ती रडली. मी सोडून आलो तेव्हा रडली होती तितकीच. तेव्हा निदान तिला वाटत होतं की चूक माझी आहे, आणि चूक सुधारता येते.

ते वाक्य मला नको. लूडर्सच्या लेखात माझं नाव आलं काय न आलं काय, इथे नळाच्या पाण्याला त्याने फरक पडत नाही. इथे बूच सैल निघालं तर लोक ते आवळतात, त्याला माझं नाव देत नाहीत. आणि तुमची नेमणूक माझ्या नावावर घालवू नका. पुढे जन्मभर तुम्ही सांगत फिराल की एका बिचाऱ्यासाठी मी सगळ्यावर पाणी सोडलं, आणि तो बिचारा मी असेन. एकदा माझं नाव तुम्ही लोकांनी वापरून घेतलंत, तेवढं पुरे झालं.

पुन्हा पत्र पाठवू नये.

मोमे पेटरसन


कील, २ जानेवारी

प्राध्यापक लूडर्स यांस,

दुरुस्तीच्या लेखाचा मसुदा वाचला. त्यात साय नाही, केक नाही, गुरुवार नाही. 'आगंतुक वायू' आहे. तो कुठून आला असेल याचा वाचकाने अंदाज बांधत बसावा, अशी योजना दिसते. शेवटी 'सजग चमूचे आभार' आहेत. चमूत मी एकटी होते.

चौथ्या पानावर तुम्ही लिहिलं आहे की त्या भागातली विश्वासार्ह मोजणी आजवर उपलब्ध नाही. हे खोटं आहे. दोन वर्षांची मोजणी उपलब्ध आहे, तुमच्याच खोलीबाहेरच्या कपाटात, 'खराब' अशी चिठ्ठी लावून ठेवलेली. ती मोमे पेटरसन यांची आहे आणि ती अचूक आहे. माझ्या बाटल्या तिच्याशी जुळतात. त्या पाण्यात काय आहे हे खरंखुरं सांगणारं दुसरं काही या संस्थेकडे नाही. ते वाक्य लेखात आल्याशिवाय मी सही करणार नाही.

पेटरसन यांची तशी मागणी आहे का, असं तुम्ही विचारलं होतंत. नाही. मी त्यांना पत्र लिहून विचारलं. त्यांनी साफ नको म्हणून कळवलं आणि माझीही चांगली हजेरी घेतली, ती योग्यच होती. तेव्हा हे मी त्यांच्यासाठी करतेय असं कुठे लिहू नका आणि कुणाला सांगूही नका. त्यांना ते वाक्य नको आहे. मला हवं आहे.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी येईन. वाक्य असेल तर कामाला बसेन, नसेल तर प्रयोगशाळेची किल्ली तुमच्या टेबलावर ठेवून जाईन. दोन्हींपैकी काय, ते तुम्ही ठरवा.

तेल्झे ब्रोडरसन